आजच्या पेट्रोल गाडीत 'टायमिंग सेट' करता येतं का?

सह्यभटक्या
गाडी 2015 ची, 1200 सीसी पेट्रोल, 4 सिलिंडर, टर्बो नाही, 84 हजार किलोमीटर. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग करून आणली आणि तेव्हापासून ताम्हिणीच्या चढाला दम खाते. तिसऱ्यात पाय दाबला की एक-दोन सेकंद बारीक खडखड, पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखी. मग खडखड थांबते, पण गाडीतला जीवही जातो. सपाटीवर काही तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नाही.

घराजवळच्या एका गॅरेजात दाखवली. ते म्हणाले, "टायमिंग हललंय साहेब, सेट करावं लागेल. अडीच हजार." कसं करणार विचारलं तर, "ते आमच्यावर सोडा."

मी समजत होतो की हल्ली हे सगळं ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) करतो. मग हे सेट काय करणार? आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयूला कोण सांगतं? जाणकारांनी प्रकाश पाडावा.

पेट्रोलदरडोई
प्रकाश नको, ठिणगी पाडा. वेळेवर.

काका_कोथरूडकर
अडीच हजार! आमच्या वेळी पाच रुपये आणि एक कटिंग यात टायमिंग, पॉइंट, कार्बुरेटर सगळं व्हायचं. वर मेकॅनिक हातही धुवायचा नाही, म्हणजे साबणाचाही खर्च नाही.

डेल्कोपुत्र
काका, तो हात न धुणारा मेकॅनिक बहुतेक माझा बाप असावा. :)

बाबांचं दादरला गॅरेज होतं, कामं बहुतेक पद्मिनी टॅक्सींची. प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला तिथे कोणी डिस्ट्रिब्यूटर म्हणत नसे, 'डेल्को' म्हणत. (अवांतर: हे मूळचं कंपनीचं नाव. डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, अमेरिका, स्थापना 1909. चार्ल्स केटरिंग यांची इग्निशन 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली. नाव तिथून निघालं ते थेट दादरच्या फुटपाथवर.)

त्या डेल्कोत पॉइंट असत, म्हणजे उघडले की ठिणगी पडायची असे दोन संपर्क. फिलर गेज लावून फट बसवायची, मग खालचा बोल्ट सैल करून अख्खा डेल्को हाताने किंचित फिरवायचा. एकीकडे फिरवला की ठिणगी लवकर, दुसरीकडे फिरवला की उशिरा. याला म्हणत टायमिंग सेट करणं. आत स्प्रिंगने ओढून धरलेली दोन वजनं असत. इंजिन पळायला लागलं की ती बाहेर फेकली जात आणि ठिणगी लवकर पडे. बाजूला पातळ पडदा असलेली एक डबी, तिला कार्बुरेटरकडून नळी. पाय हलका असला की तो पडदा ओढला जाई आणि ठिणगी आणखी लवकर.

बाबांकडे टायमिंग लाइट नव्हता. ते गाडी रस्त्यावर काढत, टॉप गियरला तीसच्या वेगात आणून पाय दाबत. थोडी टिकटिक होऊन लगेच गप्प झाली की म्हणत, "बसलं." टिकटिक चालूच राहिली तर उतरून डेल्को सुपारीएवढा मागे.

धागाकर्त्यांच्या गाडीत डेल्कोच नाही. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर ठिणगीचं व्होल्टेज चढवणारी स्वतंत्र कॉइल असणार. फिरवणार काय, गाडीचं डोकं?

अवनी_के
गॅरेजवाल्यांना टायमिंग चेन म्हणायचं असेल का? मराठीत आपण दोन्हीला टायमिंगच म्हणतो. चेन किंवा बेल्ट सरकला तर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बिघडते. ती ठिणगीच्या वेळेपेक्षा निराळी भानगड आहे. पण चेन दात सोडून गेली तर गाडी सपाटीवरही धड चालत नाही आणि दिवा पेटतो. शिवाय ते काम अडीच हजारात होत नाही.

आणि एक. सुरुवातीच्या काही एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) गाड्यांत डेल्को शिल्लक होता. त्यात तपासणीच्या कनेक्टरची दोन टोकं जोडून ईसीयूला एका अंशावर गप्प बसवायचं आणि मग डेल्को फिरवून मूळ टायमिंग लावायचं असे. मेकॅनिक त्या काळात शिकलेला असेल तर त्याच्या डोक्यात तेच बसलेलं असणार. लबाडच असेल असं नाही.

नेकारकाठी
स्टुटगार्टमध्ये अकरा वर्षं हेच काम करते, म्हणजे इंजिनाच्या ईसीयूत आकडे भरण्याचं. घरच्यांना अजूनही वाटतं मी गॅरेजात आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ठिणगी पडली की पेट्रोल एका क्षणात भडकत नाही. प्लगपाशी छोटी ज्योत लागते आणि ती पसरत जाते. सगळं जळायला ढोबळ 2 मिलिसेकंद धरा. आपल्याला हवं काय, तर पिस्टन वरच्या टोकाला जाऊन खाली वळला आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) 12 ते 16 अंश पुढे गेला की दाब कमाल असावा. त्याआधी झाला तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हातोडा. नंतर झाला तर पिस्टन निघून गेलेला, उरलेली उष्णता सायलेन्सरमध्ये. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पाडायची. किती अंश आधी, तो आकडा म्हणजे ॲडव्हान्स.

आता मिलिसेकंदांचे अंश करा. 800 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 4.8 अंश फिरतो. 3000 ला 18 अंश, 6000 ला 36. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी पाडायला हवी. डेल्कोपुत्रांची वजनं हेच करत होती. सिलिंडरमध्ये हवा विरळ असली, म्हणजे पाय हलका असला, की ज्योत हळू पसरते, तेव्हाही आधी पाडायची. ते काम पडद्याच्या डबीचं.

ईसीयूला क्रँक कुठे आहे हे कळतं एका दातेरी चाकावरून. बऱ्याच गाड्यांत 60 दातांची जागा असते आणि 2 दात मुद्दाम काढलेले असतात. एकेक दात 6 अंशांचा. समोरचा सेन्सर दात मोजतो, दोन दातांची खिंड आली की त्याला खूण पटते आणि दोन दातांमधलं अंतर ईसीयू घड्याळाने कापतो. पण चार स्ट्रोकच्या चक्रात क्रँक दोनदा फिरतो, मग पिस्टन वर आलाय तो हवा दाबायला की धूर हाकलायला? ते कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, सेन्सर सांगतो.

कुठे आहोत हे कळलं की ईसीयू तक्त्यात बघतो. उभा आरपीएम, आडवा लोड (इंजिनावरचा भार), मधल्या चौकोनांत अंश. आपण दोन चौकोनांच्या मध्ये असलो तर मधला आकडा काढतो. त्यात मग बेरीज-वजाबाकी: कूलंट थंड असेल तर इतके, आत येणारी हवा तापलेली असेल तर तितके कमी. हे दर ठिणगीला नव्याने. 3000 आरपीएमला चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला 100 ठिणग्या.

शिवाय कॉइल भरायला वेळ लागतो, साधारण 2 ते 4 मिलिसेकंद. बॅटरी उतरलेली असेल तर जास्त. त्यामुळे भरणं कधी सुरू करायचं याचाही हिशोब मागे जाऊन करावा लागतो.

हे सगळं एका डब्यात यायला वेळ लागला. ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसरने ठरवणारी जनरल मोटर्सची मिसार यंत्रणा 1977 च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत आली. पेट्रोल सोडणं आणि ठिणगी दोन्ही एकत्र सांभाळणारी बॉशची मोट्रॉनिक 1979 ला बीएमडब्ल्यू 732आय मध्ये.

खडखडीचं पुढच्या प्रतिसादात, मुलीला शाळेतून आणायचंय.

पेट्रोलदरडोई
वाचनखूण साठवली. सेकंदाला 100 वेळा हिशोब आणि एकदाही 'साहेब जेवायला गेलेत' नाही!

शून्य_अंश
नेकारकाठी, एक शंका. 2 मिलिसेकंद ठरलेले असतील तर 6000 आरपीएमला 72 अंश फिरतील. तरी एवढा ॲडव्हान्स कुठल्या गाडीत पाहिला नाही. चाळिसाच्या आत असतो. गणित गंडतंय.

नेकारकाठी
गणित नाही, 'ठरलेले' हा शब्द गंडतोय, आणि तो माझ्या ढोबळपणामुळे. वेग वाढला की आत शिरणाऱ्या हवेचा घुसळा वाढतो आणि ज्योत त्याच्यासोबत झपाट्याने पसरते. म्हणून लागणारे अंश वाढतात, पण वेगाच्या पटीत नाही. निसर्गाने ही मेहेरबानी केली नसती तर जास्त आरपीएमची इंजिनं झालीच नसती. चूक पकडल्याबद्दल आभार.

कृष्णाकाठचा_गडी
माझी डिझेल आहे. तिचं किती अंशावर असतं?

डेल्कोपुत्र
तुमच्याकडे ठिणगीच नाही हो. हवा दाबून इतकी तापते की डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. तिथे ईसीयू फवाऱ्याची वेळ ठरवतो.

कृष्णाकाठचा_गडी
म्हणजे प्लग बदलायचे म्हणून पैसे घेतले ते कसले?

अवनी_के
ग्लो प्लग असतील. थंड इंजिन चालू करताना आत ऊब द्यायला. रागावू नका, एकदा बिल बघा.

नेकारकाठी
आले परत. खडखड म्हणजे नॉकिंग. ठिणगीने लागलेली ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपलं आपणच पेटतं. एकदम. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते, तोच तो डब्यातल्या फुटाण्यांचा आवाज. लहान गाडीच्या सिलिंडरमध्ये तो 6-7 हजार हर्ट्झच्या घरात असतो. इंजिनाच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर बोल्टने बसवलेला असतो, आत पिझो स्फटिक. ईसीयू त्याचं सतत ऐकत नाही. ठिणगीनंतर, पिस्टन खाली जायला लागला की तेवढ्याच खिडकीत कान देतो, नाहीतर व्हॉल्व्ह बसल्याचा आवाजही नॉकिंग वाटेल.

ऐकू आलं की कोणत्या सिलिंडरची पाळी होती हे माहीतच असतं. त्याची ठिणगी लगेच दोन-तीन अंश मागे. पुन्हा आलं, पुन्हा मागे. शांत झालं की अर्धा-अर्धा अंश करत, बिचकत पुढे. माघार चटकन, पुढे सरकणं हळू.

धागाकर्त्यांचं वर्णन तंतोतंत हेच आहे. एक-दोन सेकंद खडखड, मग शांत आणि मेल्यासारखी. म्हणजे टायमिंग हललेलं नाही, ईसीयूने ते मुद्दाम मागे घेतलंय. प्रश्न आहे का घ्यावं लागतंय.

डेल्कोपुत्र
टिकटिक येईपर्यंत पुढे, आली की सुपारीएवढं मागे. बाबांचा कान ब्लॉकला बोल्टने लावला म्हणायचा! त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आणि त्याला पगार किती?"

धागाकर्ते, त्या सेन्सरचा बोल्ट बघून घ्या. साधारण 20 न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. सैल असला किंवा हौसेने पिळला तर चुकीचं ऐकतो.

काका_कोथरूडकर
एवढं कशाला? E20 आहे E20! पेट्रोलात 20 टक्के एथेनॉल घातलं तेव्हापासून सगळ्यांच्या गाड्या खडखडतात.

शून्य_अंश
काका, मायलेजचं बोला, मान्य. एथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे E20 मध्ये सहा-सात टक्क्यांचा फटका कागदावरच आहे. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांची चिंताही रास्त. पण खडखड? एथेनॉलचा ऑक्टेन आकडा (जितका जास्त तितकं नॉकिंग कमी) 108 च्या आसपास, वर तो वाफ होताना आतली हवा थंड करतो. नॉकिंगला तो उतारा आहे.

काका_कोथरूडकर
मग पूर्वी शिसं घालत तेही उताराच होतं की! 2000 साली बंद केलं. उताऱ्यांचा अनुभव आम्हाला आहे.

शून्य_अंश
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

अवनी_के
E20 ने खडखड कमी व्हायला हवी, पण त्याचा फायदा गाडी घेईलच असं नाही. टाकीत कोणतं पेट्रोल आहे हे बहुतेक गाड्यांना कळत नाही, कळतं फक्त नॉक सेन्सरकडून. तक्त्यात 91 ऑक्टेनपुरतेच अंश लिहिलेले असतील तर 100 ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरूनही ईसीयू त्यापुढे जाणार नाही. चुलतभाऊ दर महिन्याला भरतो आणि 'पिकअप जाणवतो' म्हणतो. पैसे दिल्यावर जाणवतोच.

सीएनजीग्रस्त
सीएनजीबद्दल कोणी बोलेल का? बाहेरून किट बसवलंय, गाडी गॅसवर अगदीच मंद.

नेकारकाठी
सीएनजी हळू जळतो, त्याला ठिणगी पेट्रोलपेक्षा बरीच आधी लागते. ऑक्टेन 120 च्या वर असल्याने खडखडीची भीतीही नाही. कंपनीतून येणाऱ्या सीएनजी गाडीत त्यासाठी वेगळा तक्ता असतो. बाहेरच्या किटमध्ये ईसीयू पेट्रोलच्याच अंशांवर ठिणगी पाडत राहतो, त्याला गॅसची खबरच नसते. टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर नावाची डबी मिळते. ती क्रँक सेन्सरचा सिग्नल थोडा सरकवून ईसीयूला फसवते. ते बसवलंय का विचारा. प्लगची फटही किंचित कमी ठेवतात, कारण गॅस पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं.

बुलेटबाई
जुन्या बुलेटवाल्यांना कोणी विचारतच नाही. पॉइंटवाल्या गाडीत टायमिंग जास्त पुढे असलं आणि किक अर्धवट मारली की पिस्टन वर पोचायच्या आत भडका आणि किकचा दांडा उलटा पिंडरीवर. माझ्या पायावर अंश कोरलेले आहेत. म्हणून ॲमीटरचा (करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधे आणून, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून, पिस्टन टॉपच्या जरा पुढे नेऊन मगच किक. नवीन इंजेक्शनवाली आली तेव्हा सवयीने ॲमीटर शोधत होते.

पेट्रोलदरडोई
धागा ताम्हिणीतून दादर, स्टुटगार्टमार्गे पिंडरीपर्यंत आला. धागाकर्ते घाटातच राहिले काय?

नागपुरी_तडका
एक विचारतो. आत येणाऱ्या हवेचं तापमान बघितलं का त्यांनी? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी 45 ला गाडी सिग्नलवर दहा मिनिटं उभी राहिली की निघताना अशीच मरगळते. पाच मिनिटं पळाली की सुधारते. तापलेली हवा शिरली की नॉकिंग, म्हणून ईसीयू आधीच अंश कापतो. माझ्या भावाने साधं ब्लूटूथवालं ओबीडी (ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) घेतलं, फोनवर हवेचं तापमान आणि ठिणगीचे अंश दोन्ही दिसतात.

सह्यभटक्या
आलो! सगळं वाचत होतो. तेच ओबीडी मित्राकडून आणलं आणि काल बायकोला शेजारी बसवून आकडे लिहून घेतले. (ती म्हणाली लग्नाआधी सांगितलं असतं तर विचार केला असता.)

ठिणगीचे अंश, उभी असताना, इंजिन गरम: 4 ते 13, सारखं नाचतं.
सपाटीवर 80 ला, हलका पाय: 33-34.
ताम्हिणीत तिसऱ्यात, 2500 आरपीएम, पूर्ण पाय: आधी 15, खडखड, मग 9, 6, शेवटी 4.
त्याच वेळी आत येणारी हवा: 71 अंश सेल्सिअस. बाहेर 29 होतं.

उभ्या गाडीत नाचतं म्हणजे तोही बिघाड का?

नेकारकाठी
नाचणं अगदी निरोगी आहे. उभ्या गाडीत ईसीयू ठिणगी मुद्दाम थोडी मागे ठेवून ताकद राखीव ठेवतो. एसीचा कॉम्प्रेसर जोडला गेला, स्टिअरिंग वळवलं की आरपीएम पडायला लागतो. हवा वाढवायला थ्रॉटल उघडावा लागतो, ती यायला वेळ लागतो. ठिणगी मात्र पुढच्याच सिलिंडरला पुढे आणता येते. म्हणून बारीक सांभाळ सगळा ठिणगीवर. तुम्ही एसी लावताना आकडा बघा, उडी मारेल.

71 मात्र भयंकर आहे. घाट हळू चढत असलात तरी 45-50 च्या वर जायला नको. नागपुरी_तडका यांना माझ्याकडून संत्री.

नागपुरी_तडका
संत्री आम्हालाच पाठवता?

डेल्कोपुत्र
सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं ना? एअर फिल्टरची पेटी उघडली असणार. पेटीपासून पुढे ग्रिलपर्यंत एक प्लास्टिकची नळी जाते, बाहेरची थंड हवा घ्यायला. बॉनेट उघडा आणि ती जागेवर आहे का बघा.

सह्यभटक्या
साष्टांग नमस्कार! नळी पेटीतून निसटून रेडिएटरच्या मागे लोंबत होती. इंजिन महिनाभर रेडिएटरची झळ पीत होतं. फिल्टर बदलताना ज्याने काढली त्याने परत खोचलीच नव्हती. हाताने दाबून बसवली, टक्क आवाज आला. खर्च शून्य.

आज परत ताम्हिणी. त्याच वळणाला, तिसऱ्यात, पूर्ण पाय: हवा 42, ठिणगी 15 ते 17, खडखड एकदाही नाही. गाडी पहिल्यासारखी ओढते. एसी लावून बघितलं, 5 वरून 12 ला उडी मारली.

गॅरेजवाल्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "तेच तर मी म्हणत होतो, टायमिंगचाच प्रॉब्लेम होता."

पेट्रोलदरडोई
तांत्रिकदृष्ट्या माणूस चुकला नाही. :)

काका_कोथरूडकर
अभिनंदन. पण E20 बद्दल माझं मत तेच आहे.

कृष्णाकाठचा_गडी
बिल बघितलं. ग्लो प्लगच आहेत. 4 नग. अवनीताई, आभार.

सीएनजीग्रस्त
माझ्या किटमध्ये ती डबी नाहीच. बसवणारा म्हणतो, "सगळे असंच चालवतात." मी पण बॉनेट उघडून बघितलं, तर तुमच्यासारखी नळी माझ्याकडे अजिबातच नाही, पेटीला नुसतं भोक आहे. गॅसची टाकी बसवताना कोणीतरी काढून टाकली असणार. दुकानात काय नावाने मागायची?

डेल्कोपुत्र
'एअर इनटेक पाइप, ग्रिलपासून फिल्टरच्या पेटीपर्यंतचा' म्हणा. फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधला रबरी मिळतो तो नको, त्याच्या अलीकडचा. गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, आणि जमलं तर भोकाचा फोटो घेऊन जा.